हुदैबियाचा सल्ला आणि त्यापलीकडच्या उम्मे सलमा

प्रश्न थोडक्यात असा: "हुदैबियाचा तह हजरत उम्मे सलमा यांच्या सल्ल्यामुळे वाचला, असं एका व्याख्यानात ऐकलं. हे खरं का? या एका प्रसंगापलीकडे त्यांच्याविषयी कुणी काही सांगत नाही. सुन्नी आणि शिया दोघंही त्यांना इतकं मानतात ते कशामुळे? आणि त्यांच्या मृत्यूचं साल प्रत्येक पुस्तकात वेगळं कसं?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. उम्मे सलमा या प्रेषित मुहंमद (स.) यांच्या पत्नी, आणि हुदैबियाचा तह म्हणजे प्रेषित आणि मक्केतली कुरैश टोळी यांच्यातला करार. तह वाचला, हे बरोबर नाही. उम्मे सलमांनी राहुटीत सल्ला दिला तेव्हा तहाचा कागद लिहून झाला होता. अडलं होतं वेगळंच. प्रेषित मुहंमद (स.) यांनी आपल्याच माणसांना एक साधी आज्ञा दिली होती, आणि जागचं कुणी हलत नव्हतं. उम्मे सलमांनी सोडवला तो हा पेच. व्याख्यानात गोष्ट रंगते आणि "एका बाईनं तह वाचवला" असं होऊन जातं, त्याला इलाज नाही. पण नेमकं काय घडलं हे कळायला बाई कोण होत्या ते आधी कळायला हवं, म्हणून हुदैबियावर थोड्या वेळानं येतो.

त्यांचं मूळ नाव हिंद. सलमा हा त्यांचा थोरला मुलगा, त्यावरून उम्मे सलमा. आपल्याकडे सलमा हे मुलीचं नाव असल्यामुळे अनेकांचा इथं गोंधळ होतो, तेवढा टाळा. कुरैशांतल्या बनू मखजूम या मातब्बर कुळात त्या जन्मल्या. वडील अबू उमय्या यांना लोक "जादुर्राकिब" म्हणत, म्हणजे वाटसरूंची शिदोरी, कारण ते काफिल्यात असले की सोबतच्या कुणाला शिधा बांधून न्यावा लागत नसे. इस्लामचा कट्टर वैरी अबू जहल हा त्यांचा चुलतभाऊ आणि पुढे नामांकित सेनापती झालेले खालिद बिन वलीद हेही चुलतभाऊच. नवा धर्म स्वीकारणं म्हणजे या सगळ्या गोतावळ्याशी वाकडं घेणं होतं. त्यांचे पती अबू सलमा त्याच कुळातले, प्रेषितांचे आतेभाऊ आणि दूधभाऊही. दोघांनी अगदी सुरुवातीच्या काळात इस्लाम स्वीकारला.

इ.स. ६१५ च्या सुमारास मक्केतला छळ असह्य झाला तेव्हा मुसलमानांची एक तुकडी समुद्र ओलांडून हबशाला (अबिसीनियाला) गेली. जंजिऱ्याच्या सिद्दींचे पूर्वज ज्या मुलखातले, तोच हा भाग. हे जोडपं त्या तुकडीत होतं. आता एक गोष्ट लक्षात घ्या. तिथल्या नजाशी राजाच्या दरबारातला तो प्रसिद्ध प्रसंग, जाफर बिन अबू तालिब यांचं भाषण, मरयमच्या सूरेचं पठण, राजाची दाढी अश्रूंनी भिजणं, हे सगळं सीरतच्या, म्हणजे प्रेषितचरित्राच्या, प्रत्येक पुस्तकात असतं. त्याचा सविस्तर वृत्तांत आपल्यापर्यंत आला तो उम्मे सलमांच्या तोंडून. कुरैशांनी राजाला नजराणे म्हणून कमावलेली कातडी पाठवली, कारण मक्केच्या मालात त्याला तीच सर्वांत आवडत. ती आधी एकेका धर्मगुरूला वाटली आणि मग राजापुढे ठेवली, इतका तपशील त्यांनी दिला आहे. येशूविषयी तुम्ही जे म्हणता त्यापेक्षा तो या काडीइतकाही जास्त नाही, असं सांगताना राजानं जमिनीवरून काडी उचलली, हेही त्यातच येतं.

मला स्वतःला त्या वृत्तांताचा शेवटचा भाग जास्त आवडतो. नजाशीविरुद्ध बंड झालं. तो हरला तर आपलं काय होणार, या काळजीनं मुसलमानांचा जीव टांगणीला लागला. लढाई नदीच्या पलीकडच्या काठावर. निकाल काय लागतोय ते कोण पाहून येणार? सर्वांत लहान होते जुबैर बिन अव्वाम. त्यांच्यासाठी लोकांनी पखाल फुगवली, ती छातीखाली धरून ते पोहत पलीकडे गेले आणि राजा जिंकल्याची खूण अंगावरचं वस्त्र हलवत करत परतले. उम्मे सलमा म्हणतात, त्या दिवशी झाला तसा आनंद आम्हाला कधी झाला नव्हता. परक्या मुलखात आसरा घेतलेल्या माणसांची घालमेल यात जशी उतरली आहे तशी फार कमी ठिकाणी सापडते.

मक्केत परतल्यावर पुन्हा छळ सुरू झाला आणि अबू सलमांनी मदिनेची वाट धरायचं ठरवलं. हिजरतच्या, म्हणजे प्रेषितांनी मक्का सोडून मदिनेला जाण्याच्या, आधी जवळजवळ वर्षभराची ही गोष्ट. पत्नीला उंटावर बसवलं, सलमाला तिच्या मांडीवर दिलं आणि उंटाची दोरी धरून ते निघाले. बनू मुगीराच्या, म्हणजे उम्मे सलमांच्या माहेरच्या माणसांनी वाट अडवली. तू तुझा मुखत्यार आहेस, पण आमची मुलगी तुला अशी मुलूखभर फिरवू देणार नाही, असं म्हणून त्यांनी दोरी हिसकावली. हे पाहून सासरची, बनू अब्दुल असदची माणसं चवताळली. बाई तुमची असेल, पोर आमचं. दोन्हीकडून मुलाची ओढाताण झाली आणि त्यात त्याचा हात सांध्यातून निखळला. पोर सासरच्यांनी नेलं, बाईला माहेरच्यांनी डांबलं, नवरा मदिनेला गेला.

त्यानंतर रोज सकाळी त्या मक्केबाहेरच्या अब्तह नावाच्या वाळवंटी मैदानावर जाऊन बसत आणि संध्याकाळपर्यंत रडत. वर्षभर किंवा वर्षाला थोडे दिवस कमी, असं त्यांचंच सांगणं आहे. शेवटी माहेरच्या एका चुलतभावाला दया आली. या गरीब बाईला का सोडत नाही, तिची नवऱ्यापासून आणि लेकरापासून ताटातूट केलीत, असं तो आपल्याच लोकांना बोलला. मग त्यांनी जायला परवानगी दिली आणि सासरच्यांनीही मुलाला परत केलं.

मदिना तिथून सव्वाचारशे किलोमीटरपेक्षा जास्त. सोबत कुणी नाही. मुलाला मांडीवर घेऊन त्या एकट्या उंटावरून निघाल्या आणि तनईमपर्यंत पोहोचल्या. उमऱ्याला (मक्केच्या छोट्या यात्रेला) जाऊन आलेल्यांना ही जागा ठाऊक असते. मक्केत मुक्काम असताना पुन्हा एहराम (यात्रेचं व्रत आणि वस्त्र) बांधायला लोक जिथं जातात, तीच. तिथं उस्मान बिन तल्हा भेटले. कुठे निघालीस, बरोबर कोण आहे? त्या म्हणाल्या, अल्लाह आणि हे माझं पोर. उस्मान म्हणाले, तुला असं एकटं सोडता यायचं नाही.

हे उस्मान तेव्हा मुसलमान नव्हते, विरोधी गटातले होते. त्यांनी उंटाची दोरी धरली आणि मदिनेजवळच्या कुबापर्यंत पायी चालत गेले. वाटेतल्या त्यांच्या वागण्याचं वर्णन उम्मे सलमांनी केलं आहे. मुक्कामाची जागा आली की ते उंट बसवत आणि दूर होत. त्या उतरल्या की येऊन उंट लांब नेत, त्याच्यावरचं सामान उतरवत, झाडाला बांधत आणि दुसऱ्या झाडाखाली जाऊन आडवे होत. निघायची वेळ झाली की उंट तयार करून आणत, मागे सरत आणि म्हणत, बसून घे. त्या नीट बसल्या की दोरी धरून पुढे चालू. कुबाची वस्ती दिसल्यावर म्हणाले, तुझा नवरा या गावात आहे, जा. आणि आल्या पावली मक्केला परतले. "उस्मान बिन तल्हापेक्षा खानदानी सोबती मी पाहिला नाही," ही उम्मे सलमांची साक्ष. हा वृत्तांत त्यांच्याच घरात जपला गेला. तो पुढे सांगणारा त्यांचा पणतू आहे, त्याचंही नाव सलमाच. उस्मान यांनी बऱ्याच वर्षांनी इस्लाम स्वीकारला. काबागृहाची किल्ली मक्का जिंकल्यावर प्रेषितांनी त्यांच्याच हाती परत दिली आणि ती आजही त्यांच्या घराण्याकडे आहे.

स्त्रियांच्या वर्गात हा भाग आला की प्रश्न ठरलेला असतो: परपुरुषाबरोबर इतका प्रवास कसा चालला? पुढे फिक्हच्या, म्हणजे इस्लामी कायद्याच्या, पंडितांनी त्यावर चर्चा केली आहेच. माझं म्हणणं एवढंच की सांगणाऱ्या बाईला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. उलट, विरोधी धर्माच्या माणसाचा चांगुलपणा पुढच्या पिढ्यांच्या कानावर पडावा म्हणून त्यांनी तो सांगून ठेवला.

मदिनेतला संसार थोड्याच वर्षांचा ठरला. उहूदच्या लढाईत (इ.स. ६२५) अबू सलमांना जखम झाली. ती वरवर भरली, पण पुढच्या मोहिमेवरून आल्यावर पुन्हा चिघळली आणि हिजरी ४ मध्ये ते गेले. प्रेषितांनी स्वतः त्यांचे डोळे मिटले. संकटाच्या वेळी म्हणायची एक दुआ अबू सलमांनीच पत्नीला सांगून ठेवली होती: या दुःखाचा मोबदला दे आणि गेलं त्याहून चांगलं दे. उम्मे सलमा अगदी मोकळेपणी सांगतात की दुआ म्हणताना मनात येई, अबू सलमांपेक्षा चांगला कोण असणार? तरी म्हटली.

पदरी चार मुलं होती. सलमा, उमर, दुर्रा आणि अंगावर पिणारी जैनब. इद्दत, म्हणजे पतीच्या मृत्यूनंतर पुन्हा लग्नाआधी थांबायची मुदत, संपल्यावर प्रेषितांचे सहकारी अबू बक्र आणि उमर बिन खत्ताब यांनी मागणी घातल्याचे उल्लेख आहेत, ती त्यांनी नाकारली. मग प्रेषितांचा निरोप आला. त्यावर त्यांनी लगेच होकार दिला नाही. आपल्या अडचणी मांडल्या: माझा स्वभाव मत्सरी आहे, वय झालंय, मुलंबाळं आहेत. उत्तर आलं की मत्सर जावा म्हणून मी दुआ करीन, वय म्हणशील तर माझंही झालंय आणि तुझी मुलं ती माझीच. वेगवेगळ्या रिवायतींत (परंपरेनं आलेल्या वृत्तांतांत) शब्द थोडे बदलतात, पण सवत म्हणून आपल्याला त्रास होईल हे लग्नाआधी तोंडावर सांगणारी बाई सगळ्याच रिवायतींत दिसते.

लग्नानंतर त्या ज्या खोलीत आल्या ती आधी प्रेषितांच्या दुसऱ्या एक पत्नी जैनब बिंत खुजैमा यांची होती. त्या नुकत्याच वारल्या होत्या. खोलीत काय होतं? एका रांजणात थोडे जव, एक जातं, एक दगडी भांडं आणि त्यात थोडी चरबी. नव्या नवरीनं त्याच रात्री जव दळले, चरबी घालून घाटा शिजवला आणि तेच लग्नाचं जेवण झालं. संध्याकाळी नवरी म्हणून आली आणि रात्र संपता संपता दळायला बसली, असं मदिनेतल्या बायका सांगत. मखजूमसारख्या श्रीमंत घराण्यातल्या मुलीची ही गोष्ट आहे.

मुलं त्यांच्याबरोबरच वाढली. आपल्याकडे मुस्लिम घरांत दस्तरखानावर बसलेल्या पोराला सांगतात ना, बिस्मिल्लाह म्हण, उजव्या हातानं खा, आपल्या पुढ्यातलं खा? ते पहिल्यांदा ऐकणारं पोर म्हणजे उम्मे सलमांचा उमर. त्याचा हात ताटात चहूकडे फिरत होता, तेव्हा प्रेषितांनी त्याला हे सांगितलं. मोठेपणी त्यानंच ते नोंदवून ठेवलं.

प्रेषितांच्या घरात उम्मे सलमांचं वजन किती होतं हे उमर बिन खत्ताब यांच्या एका प्रसंगातून कळतं. प्रेषितांच्या पत्नी त्यांना उलट बोलतात हे ऐकून उमर संतापले. आधी स्वतःच्या मुलीला, हफ्सांना, जाऊन झापलं आणि मग नात्यानं जवळच्या म्हणून उम्मे सलमांकडे आले. उमर यांची आई मखजूमचीच. उम्मे सलमा म्हणाल्या, "कमाल आहे तुमची, खत्ताबपुत्र! प्रत्येक गोष्टीत तुम्ही हात घालताच, आता अल्लाहच्या प्रेषितांच्या आणि त्यांच्या बायकांच्यामध्येही पडायचंय?" उमर नंतर स्वतःच कबूल करतात की या उत्तरानं माझा काही राग ओसरला. ज्यांच्यापुढे भलेभले गप्प बसत त्यांना हे ऐकवणं सोपं नव्हतं.

प्रश्न विचारणं ही त्यांची खोडच म्हणा. कुरआनात पुरुषांचा उल्लेख येतो तसा आमचा का येत नाही, असं त्यांनी प्रेषितांना थेट विचारलं. काही दिवसांनी त्या केस विंचरत असताना मिंबरवरून, म्हणजे मशिदीतल्या व्यासपीठावरून, आवाज आला. केस तसेच गुंडाळून त्यांनी खोलीच्या झावळ्यांच्या भिंतीला कान लावला. ऐकू आली ती अहजाब सूरेची ३५ वी आयत, जिच्यात मुस्लिम पुरुष आणि मुस्लिम स्त्रिया, सच्चे पुरुष आणि सच्च्या स्त्रिया, सबुरीचे पुरुष आणि सबुरीच्या स्त्रिया, अशी दहा जोड्यांची रांग आहे. आणखी एका प्रसंगीही त्यांचे केस विंचरणं चालू होतं, या वेळी दासी विंचरत होती. बाहेरून प्रेषितांची हाक आली, "लोक हो!" उम्मे सलमा दासीला म्हणाल्या, बाजूला हो. दासी म्हणाली, त्यांनी पुरुषांना बोलावलंय, बायकांना नाही. उत्तर आलं: मीही लोकांतलीच आहे. ही दुसरी हदीस, म्हणजे प्रेषितांविषयीची नोंद, सही मुस्लिम या संग्रहात आहे, आणि वर्गात ती वाचून दाखवली की पुढे मला फारसं बोलावं लागत नाही.

आता हुदैबिया. हिजरी ६, जिल्कद, म्हणजे इ.स. ६२८ चा मार्च. प्रेषित सुमारे १,४०० माणसं घेऊन उमऱ्याला निघाले. लढाईला नाही, सगळे एहराममध्ये आणि बरोबर कुर्बानीचे उंट. पत्नींपैकी सोबत होत्या उम्मे सलमा. मक्केच्या पश्चिमेला वीस-बावीस किलोमीटरवर हुदैबियाला कुरैशांनी अडवलं. त्या ठिकाणाला आज शुमैसी म्हणतात, जेद्याच्या जुन्या रस्त्यावर. वाटाघाटी झाल्या. कुरैशांकडून आलेले सुहैल बिन अम्र यांनी "रहमान, रहीम" लिहू दिलं नाही, "अल्लाहचे प्रेषित" हे शब्दही लिहू दिले नाहीत. कलमं वरकरणी अपमानाची होती. यंदा परत जायचं, पुढल्या वर्षी तीन दिवसांसाठी यायचं. मक्केतून कुणी पालकाच्या परवानगीशिवाय मदिनेला आला तर त्याला परत पाठवायचं, मदिनेतून कुणी मक्केला गेला तर तो मात्र परत मिळणार नाही. आणि कागद लिहून होत असतानाच सुहैल यांचाच मुलगा अबू जंदल पायात साखळदंड ओढत मुसलमानांच्या तळात येऊन पडला. त्याला लोकांच्या डोळ्यांदेखत परत करावं लागलं. उमर यांच्यासारख्या माणसानं जाब विचारला: आपण सत्यावर नाही का?

त्या मनःस्थितीत प्रेषित म्हणाले, उठा, कुर्बानी करा आणि मुंडण करा. कुणी उठलं नाही. तीनदा म्हणाले, तरी एकही माणूस उठला नाही.

प्रेषित राहुटीत आले आणि घडलं ते उम्मे सलमांना सांगितलं. त्या म्हणाल्या, तुम्हाला खरंच हे व्हायला हवं आहे ना? मग बाहेर जा, कुणाशी एक शब्द बोलू नका, आपला उंट कापा आणि न्हाव्याला बोलावून मुंडण करून घ्या. प्रेषितांनी तसंच केलं. ते पाहताच लोक उठले, कुर्बान्या केल्या आणि एकमेकांची डोकी भादरू लागले. दुःखानं हात असे चालत होते की एकमेकांचा जीव घेतील की काय असं वाटावं, असं मूळ रिवायतीत आहे.

हे का चाललं? लोक बंडखोर नव्हते, हे आधी ध्यानात घ्या. याच माणसांनी थोड्या दिवसांपूर्वी झाडाखाली हातावर हात ठेवून मरेपर्यंत न हटण्याची शपथ घेतली होती. त्यांना आशा होती की अजून वही (ईश्वरी संदेश) येईल, निर्णय फिरेल. काबागृहापर्यंत न पोहोचता एहराम सोडायचा कसा, हीही शंका होतीच. जोवर प्रेषित स्वतः एहराममध्ये आहेत तोवर ही आशा जिवंत राहणार. त्यांनी डोकं भादरून घेतलं की विषय संपला. इब्न हजर यांच्यासारख्या हदीसच्या भाष्यकारांनी साधारण अशीच मीमांसा केली आहे. उम्मे सलमांच्या सल्ल्यातली खरी मेख "एक शब्द बोलू नका" या अटीत आहे, असं मला वाटतं. आणखी समजावलं असतं तर वाद वाढला असता, आणखी एकदा आज्ञा केली असती तर चौथ्यांदा ती मोडली गेली असती आणि मग ते सगळे गुन्हेगार ठरले असते. त्यांना त्यातून सुटायला वाट ठेवली. जी बाई स्वतः वर्षभर अब्तहच्या वाळूत बसून होती तिला दुःखात बुडालेल्या माणसापुढे बोलण्याचा उपयोग नसतो हे कळत होतं, हा माझा कयास. रिवायतीत तसं लिहिलेलं नाही.

एक पुस्ती. जुवैनी यांच्यासारखे विद्वान म्हणून गेले की सल्ला देऊन तो बरोबर ठरला अशी बाई उम्मे सलमांखेरीज आपल्याला ठाऊक नाही. यात स्तुती किती आणि बाकीच्या बायकांवरची टिप्पणी किती, ते तुम्हीच ठरवा. पुढच्या काळात त्यावर आक्षेपही आला: कुरआनातल्या मूसांच्या गोष्टीत, या माणसाला चाकरीला ठेवा, असं बापाला सुचवणारी मुलगी आहेच की.

मक्का जिंकायला निघाल्यावर वाटेत त्यांचा सावत्रभाऊ अब्दुल्लाह आणि प्रेषितांचे चुलतभाऊ अबू सुफ्यान बिन हारिस माफी मागायला आले (हे ते उमय्या कुळातले अबू सुफ्यान नव्हेत). दोघांनी पूर्वी फार छळलं होतं. प्रेषितांनी भेट नाकारली. एक तुमचा चुलतभाऊ, दुसरा तुमचा आतेभाऊ आणि मेहुणाही, असं म्हणत उम्मे सलमांनी रदबदली केली आणि अखेर दोघांनाही माफी मिळाली.

प्रेषितांनंतर त्या सुमारे अर्धं शतक जगल्या आणि माझ्या मते त्यांचं मोठं काम या काळातलं आहे. त्यांच्या नावावर ३७८ हदीस मोजल्या जातात. स्त्रियांत त्यांच्या पुढे फक्त हजरत आयेशा. लोक अडले की त्यांच्याकडे माणूस धाडत. एक उदाहरण देतो. गरोदर बाईचा नवरा वारला आणि थोड्याच दिवसांत ती बाळंत झाली, तर तिची इद्दत संपली की तिनं चार महिने दहा दिवस थांबायचं? इब्न अब्बास यांचं मत होतं की दोन्हींतली जी मुदत लांब ती पाळावी. दुसऱ्या विद्वानाशी वाद झाला आणि निवाड्यासाठी नोकराला उम्मे सलमांकडे पाठवलं. त्यांनी सुबैआ अस्लमिया या बाईचं उदाहरण दिलं: नवऱ्याच्या मृत्यूनंतर ती लवकरच बाळंत झाली आणि प्रेषितांनी तिला पुन्हा लग्नाची मोकळीक दिली. सुन्नींच्या चारही मजहबांनी (कायद्याच्या परंपरांनी) हेच धरलं. शियांच्या जाफरी फिक्हमध्ये मात्र लांबची मुदत पाळतात.

बसऱ्याचे प्रसिद्ध हसन बसरी यांची आई उम्मे सलमांच्या घरी कामाला होती. ती बाहेर गेली आणि बाळ रडू लागलं की उम्मे सलमा त्याला पदराखाली घेत, असं चरित्रकार सांगतात. खुलताबादच्या बुरहानुद्दीन गरीब यांच्यासारख्या चिश्ती संतांचा शिजरा (गुरुपरंपरा) याच हसन बसरींमार्फत हजरत अलींपर्यंत जातो.

शिया परंपरेतल्या त्यांच्या मानाचं कारण इथूनच उलगडतं. प्रेषितांनी मुलगी फातिमा, जावई अली आणि नातू हसन व हुसैन यांना चादरीखाली घेऊन दुआ केली तो प्रसंग अनेक रिवायतींनुसार उम्मे सलमांच्या घरातला. मीही यांच्यात आहे का, असं त्यांनी विचारलं आणि उत्तर मिळालं, तू भल्या वाटेवर आहेस. या वाक्याचा अर्थ लावताना दोन्ही पंथांची वाट वेगळी होते, पण ते सांगणारी बाई विश्वासाची आहे यावर दोघांचं एकमत आहे. इ.स. ६५६ मध्ये हजरत आयेशा आणि हजरत अली यांच्यातल्या जमलच्या लढाईची वेळ आली तेव्हा त्यांनी हजरत आयेशांना परावृत्त करायचा प्रयत्न केला, स्वतः घराबाहेर पडल्या नाहीत आणि आपला मुलगा उमर याला अलींच्या बाजूनं पाठवलं. आयेशांना लिहिलेलं म्हणून जे लांबलचक पत्र पुस्तकांत छापतात त्याची भाषा मात्र इतकी घोटीव आहे की नंतरच्या साहित्यिकांचा हात तिच्यावरून फिरला असावा. भूमिका त्यांची, शब्द सगळे त्यांचेच असतील असं धरू नका.

आणि करबला. प्रेषितांनी त्यांच्याकडे करबलेची माती दिली होती आणि हुसैन शहीद झाले त्या दिवशी ती रक्तासारखी लाल झाली, ही रिवायत मुंबईत डोंगरीच्या इमामवाड्यांत मुहर्रमच्या मजलिसमध्ये तुम्ही ऐकली असेल. सुन्नी संग्रहांपैकी तिर्मिजीत त्यांचं स्वप्न येतं: प्रेषितांच्या डोक्यावर आणि दाढीवर धूळ, आणि ते म्हणतात, आत्ताच हुसैनची हत्या पाहून आलो. तिर्मिजींनी स्वतःच ही रिवायत "गरीब", म्हणजे एकाच मार्गानं आलेली, असा शेरा मारून ठेवली आहे.

यातच तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आहे. हिजरी ५९ हे साल जुने इतिहासकार वाकिदी यांनी दिलं आणि जनाज्याची नमाज प्रेषितांचे सहकारी अबू हुरैरा यांनी पढवली असं सांगितलं. पुढच्या अनेक चरित्रकारांनी ते तसंच उचललं. पण करबला हिजरी ६१ ची, इ.स. ६८० च्या ऑक्टोबरातली. हुसैन गेल्याची बातमी त्यांना कळल्याचे उल्लेख एकाहून अधिक आहेत. शिवाय सही मुस्लिममध्ये, काबागृहावर चालून येणारी फौज जमिनीत गडप होईल या हदीसबद्दल दोघे जण त्यांना विचारायला आल्याची नोंद आहे आणि तो काळ मक्केत यजीदविरुद्ध उभे राहिलेल्या इब्न जुबैर यांचा असं तिथंच स्पष्ट म्हटलंय. म्हणजे खलीफा यजीद गादीवर आल्यानंतरचा. तेव्हा ५९ टिकत नाही, आणि अबू हुरैरा तोवर वारलेले असल्यामुळे नमाजेची गोष्टही टिकत नाही. मी हिजरी ६१ ची अखेर किंवा ६२ धरतो. वय तेव्हा ८४ च्या आसपास. प्रेषितांच्या पत्नींपैकी सर्वांत शेवटी त्या गेल्या आणि दफन मदिनेत जन्नतुल बकीमध्ये झालं. तुमच्या पुस्तकात ५९ दिसलं तर लेखक वाकिदींच्या मागे गेलाय असं समजा. बाकीचं पुस्तक त्यामुळे टाकाऊ ठरत नाही.